‘तुमच्याकडं अनाथ किती?’ आणि बालगृहाच्या फोनवर येणारे इतर प्रश्न

कोल्हापुरात मुलींचं एक बालगृह आहे. ख्रिस्ती विश्वस्त संस्था ते चालवते आणि मी तिथली अधीक्षिका. गेटवरच्या पाटीवर फोन नंबर आहे, त्यामुळं तो दिवसभर वाजतो. विचारणारे शंभर, प्रश्न मात्र पंधरा-वीसच. वेण्या घालताना, शाळेच्या पालकसभेला निघताना, भाजीवाल्याशी घासाघीस करताना मी तीच उत्तरं देत आलेय. म्हणून एकदा बसून लिहून काढली. घरातल्या रीती आमच्यापुरत्या आहेत, कायद्याचं जे सांगितलंय ते सगळ्याच बालगृहांना लागू.

तुमच्याकडं अनाथ मुली किती आहेत?

आज पटावर ३४ मुली आहेत. आई-वडील दोन्ही नाहीत अशा ४. हा आकडा सांगितला की पलीकडचा माणूस जरा गप्प होतो. एका गृहस्थांनी तर सरळ विचारलं, ‘मग बाकीच्या तिथं काय करतात?’

बाकीच्यांना कुणी ना कुणी आहे. बहुतेकींना आई आहे. ती चार घरची धुणीभांडी करते, एमआयडीसीत हेल्पर आहे, ऊसतोडीला जाते किंवा अंथरुणाला खिळलीय. काहींचे वडील दारूनं गेले, काहींचे त्याच वाटेवर आहेत. काही मुलींना घरातल्याच माणसापासून लांब ठेवावं लागतंय, त्यावर मी इथं जास्त लिहिणार नाही. दोघी एसटी स्टँडवर सापडल्या, त्यांच्या घराचा शोध अजून चालू आहे.

आमच्या पाटीवर ‘अनाथाश्रम’ हा शब्द नाही तो याच कारणानं. आई असलेल्या पोरीला शाळेत रोज ‘अनाथाश्रमातली’ म्हटलं की तिच्या आईला आपण जिवंतपणीच मारून टाकतो.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानलाय. मला तर कायदा नसता तरी हेच पटलं असतं. म्हणून ‘पोरीला ठेवून घ्या’ म्हणत जी आई येते, तिच्यापुढं आम्ही आधी चहा ठेवतो आणि मग बालसंगोपन योजनेचा अर्ज. महिन्याला २,२५० रुपये मिळतात आणि मूल घरीच राहतं. पैसे वेळेवर येतीलच असं नाही, कागद बरेच लागतात, तरीही. मागच्या पावसाळ्यात एक आई असाच अर्ज भरून लेकीचा हात धरून परत गेली. त्या पोरीचं नाव आमच्या पटावर कधी लागलंच नाही. आमच्या कामातला तो सगळ्यात चांगला दिवस होता, पण देणगीदारांच्या अहवालात तो कुठल्या रकान्यात लिहायचा?

मूल तुमच्याकडं येतं कसं? आम्ही आणून सोडू शकतो का?

गेटवर आणून सोडता येत नाही. म्हणजे लोक सोडतात, पण मला तिला परस्पर ठेवून घेता येत नाही. काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, बाल कल्याण समितीपुढं हजर करावं लागतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. कुणाला न कळवता मूल परस्पर ठेवून घेणं म्हणजे गुन्हा. नोंदणी नसताना बालगृह चालवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड आहे. म्हणून ‘एका पास्टरांनी घरातच पंधरा मुलं सांभाळलीत, किती मोठं मन!’ असं कुणी कौतुकानं सांगितलं की मी पहिल्यांदा नोंदणीचं विचारते. लोकांना ते आवडत नाही.

मूल अडचणीत दिसलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन फिरवा. आम्हाला फोन केलात तरी आम्ही तोच नंबर लावणार.

मुली बहुतेक वेळा संध्याकाळनंतर येतात, पोलीस ताईंबरोबर. पहिल्या रात्री आम्ही नाव सोडून काही विचारत नाही. गरम पाणी, जेवण, धुतलेला गाऊन. बऱ्याच पोरी जेवत नाहीत, पण ताट पुढ्यात राहू द्यायचं. राधानगरीकडची एक सात वर्षांची मुलगी तीन दिवस आपली पिशवी मांडीवरून खाली ठेवत नव्हती. चौथ्या दिवशी आमच्या स्वयंपाकीण मावशींनी तिला लसूण सोलायला बसवलं. सोलायला दोन्ही हात लागतात.

मुलींचा दिवस कसा जातो?

साडेपाचला घंटा होते. खरं म्हणजे घंटेआधीच बंब पेटलेला असतो. गच्चीवर सोलर बसवलंय, पण जून ते सप्टेंबर कोल्हापुरात सूर्य कुठं भेटतो? तेव्हा तांब्याचा जुना बंब आणि गिरणीतनं आणलेल्या ढलप्या. नियमानं सात मुलींमागं एक संडास आणि दहा मुलींमागं एक न्हाणीघर लागतं, तेवढे आहेत. तरी सकाळी साडेसहाला रांगेत जी भांडणं होतात ती कुठल्याही नियमानं मिटलेली नाहीत.

मग वेण्या. ३४ मुलींच्या मिळून पन्नासच्या वर वेण्या घालाव्या लागतात, कारण शाळेला दोन वेण्या आणि वर रिबन हवी. मोठ्या मुली लहानींच्या घालतात. प्रत्येकीचा कंगवा वेगळा, त्यावर रंगाचा ठिपका. तरीही दर शाळेच्या सुट्टीनंतर उवा येतातच. रविवारची दुपार औषध लावून, डोक्याला फडकी गुंडाळून बसायची. उवांबद्दल कुठल्याच देणगीदारानं आजवर विचारलेलं नाही. आमचा निम्मा रविवार त्यातच जातो.

सकाळच्या शाळेच्या मुली पावणेसातला बाहेर पडतात, बाकीच्या साडेदहाला. चार वेगवेगळ्या शाळा आहेत. सगळ्यांना एकाच शाळेत का घालत नाही, असं विचारतात. एकाच वर्गात आमच्या सात मुली बसल्या की त्यांचा ‘गट’ होतो आणि बाई त्यांना एकत्रच ओरडतात. वेगळ्या शाळेत गेल्या की प्रत्येकीला स्वतःची मैत्रीण मिळते. रिक्षाचा खर्च वाढतो, पण तो मला पटलेला खर्च आहे.

मुली शाळेत असताना आमची कारकुनी चालते. हजेरीपट, साठा नोंदवही, औषधांची वही, भेटीची वही, कोण किती वाजता बाहेर गेलं-आलं त्याची वही, शिवाय प्रत्येक मुलीची फाईल. त्यात सामाजिक तपासणी अहवाल, वैयक्तिक काळजी आराखडा, आधार आणि शाळेचे दाखले. दर तीन महिन्यांनी जिल्हा तपासणी समिती येते आणि मुलींशी आमच्या माघारी बोलते. ते बरंच आहे. पण साबणाच्या वड्या वहीत ४१ आणि कपाटात ४० निघाल्या की माझी झोप उडते.

संध्याकाळी पाच ते सहा मैदान. कोल्हापूरच्या पोरींना फुटबॉल शिकवावा लागत नाही, तो पेठेच्या हवेतच आहे. इथले फुटबॉल संघ तालमींचे. मागच्या खोलीतल्या मुली पाटाकडील तालमीच्या बाजूच्या, पुढच्या खोलीतल्या खंडोबाच्या. शाहू स्टेडियमवर अंतिम सामना असला की त्या दिवशी जेवायला दोन पंगती करते, नाहीतर वाटीनं मारामारी होईल.

सहा ते आठ अभ्यास, आठला जेवण, अर्धा तास टीव्ही, साडेनऊला दिवे बंद.

पण बालगृहाचा दिवस खरा तर रात्री सुरू होतो. दिवसा हसणारी पोर रात्री पांघरूण तोंडावर घेऊन रडते. नऊ-दहा वर्षांच्या मुलीही अंथरूण ओलं करतात, नव्यानं आलेल्या जास्त. पूर्वी सकाळी सगळ्यांसमोर गाद्या उन्हात टाकायचो. एकीनं रात्रभर जागून राहायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आता गादीवर रबरी कापड असतं, रात्रपाळीच्या काळजीवाहक बाई बारा वाजता आणि तीन वाजता ठरावीक मुलींना उठवून नेतात आणि ओली चादर कुणी उठायच्या आत बदललेली असते. या बाईंना काम विचारलं तर त्या म्हणतात, ‘काय न्हाई, झोपते की रात्रभर.’

जेवण काय असतं?

दिवसातून चार वेळा. सकाळी पोहे, उप्पीट किंवा आंबोळी आणि दूध, दोन्ही वेळेला चपाती-भाजी-आमटी-भात, मधल्या वेळेला शेंगदाणे-गूळ, केळं किंवा भडंग. भाकरी आठवड्यातून दोनदाच, कारण एवढ्या भाकऱ्या थापायला हात कमी पडतात. रविवारी कोंबडी, तांबडा रस्सा. पांढरा रस्सा सणालाच, कारण त्याला लागणारं खोबरं आणि काजू परवडत नाहीत.

वर्षाची चटणी मात्र आमची आम्ही करतो. मे महिन्यात लक्ष्मीपुरीतनं मिरची आणायची, गच्चीवर वाळवायची, कांदा-लसूण घालून कांडून आणायची. साधारण चाळीस किलो. मराठवाड्यातनं आलेली एक पोर पहिल्या दिवशी आमटीचा घास घेऊन ढसाढसा रडली. आम्हाला वाटलं घर आठवलं. तिला नुसतं तिखट लागलं होतं.

ख्रिस्ती संस्था आहे, म्हणजे धर्मांतर करता का?

नाही. प्रश्नाचा राग मानत नाही. लोकांनी विचारावं, आणि नुसतं विचारून न थांबता येऊन बघावं.

ख्रिस्ती लोक कोल्हापूरला नवे नाहीत. रेव्हरंड रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथं आले, त्यांच्या नावाचं चर्च आजही शहरात आहे. शाळा झाल्या, दवाखाने झाले. आणि जाती-जमातींच्या मुलांना शिकता यावं म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात वसतिगृहांची जी रांग उभी केली, त्यातलं एक ख्रिस्ती मुलांसाठीही होतं. मुलाच्या शिक्षणाआड त्याचा धर्म येऊ नये हे या गावाला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही, आणि ते आम्हालाही लागू आहे.

आता रीत सांगते. मुलगी आली तेव्हा तिच्या फाईलमध्ये जो धर्म लिहिला गेला, तो आम्ही बदलत नाही. सकाळी सव्वासहाला आमची प्रार्थना असते, एक गीत, पवित्र शास्त्रातला एक उतारा, प्रभूची प्रार्थना. ज्यांना यायचं नाही त्या अभ्यासाच्या खोलीत बसतात. त्यांच्यावर हजेरी नाही आणि नाश्त्यात फरकही नाही. थंडीच्या दिवसांत प्रार्थनेला गर्दी वाढते, कारण त्या खोलीत सतरंजी जाड आहे.

अठरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलीचा बाप्तिस्मा आमच्याकडं होत नाही, तिनं स्वतः मागितला तरी. दहावीतल्या एकीनं फार हट्ट धरला होता. आमचे पाळक तिला म्हणाले, ‘अठरा पूर्ण कर, आईशी बोल, मग बघू.’ ती आता नर्स आहे आणि नवरात्रात नऊ दिवस उपवास करते. पाळकसाहेबांना फोन मात्र नाताळाला न चुकता येतो.

सण सगळे होतात. बेंदराला मातीचे बैल, दिवाळीत अंगणात किल्ला, नवरात्रात मोठ्या मुलींना अंबाबाईचं दर्शन. रोजे धरणारी एक मुलगी होती तेव्हा पहाटे चारला तिच्यासाठी चूल पेटायची. नाताळात चांदणी टांगतो, कॅरलला जातो, करंज्या-चकल्या-शंकरपाळ्या करतो. दिवाळीत केलेला फराळ दीड महिन्यात पुन्हा करायचा. यावर स्वयंपाकीण मावशींचं स्वतःचं मत आहे, ते इथं छापण्यासारखं नाही.

आमच्याच मंडळीतले काही लोक उलट बाजूनं नाराज असतात. ‘मग ख्रिस्ती संस्था म्हणून तुम्ही वेगळं काय करता?’ असं विचारतात. त्यांना मी रात्रपाळीला एक दिवस यायला सांगते.

आमच्या मुलाचा वाढदिवस तुमच्या मुलींबरोबर साजरा करायचाय, चालेल?

हा फोन सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

चांगल्या मनानं येतात सगळे. पण चित्र कसं दिसतं ते आमच्या बाजूनं बघा. नव्या कपड्यांतला एक मुलगा किंवा मुलगी, दोन्ही बाजूंना आई-बाप, मध्ये केक. समोर ३४ मुली ओळीनं बसून ‘हॅपी बर्थडे’ म्हणतात, टाळ्या वाजवतात, केक घेतात, ‘थँक यू काका, थँक यू काकू’ म्हणतात. महिन्यातून सहा वेळा. त्यातल्या काहींना स्वतःची जन्मतारीख माहीत नाही. दवाखान्यातनं वय ठरवून घेतलेलं, कागदावर एक जानेवारी किंवा एक जून. एका छोटीनं मला विचारलं होतं, ‘आक्का, आपण टाळ्या वाजवायला हितं राहतो व्हय?’ त्या महिन्यापासून मी केक बंद केला.

आता काय करतो? दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्या महिन्यातल्या आमच्याच मुलींचा वाढदिवस असतो. जिला तारीख नाही तिनं आपला महिना स्वतः निवडायचा. डिसेंबरात गर्दी आहे. तुम्हाला काही द्यायचं असेल तर त्या शनिवारच्या जेवणाचा खर्च द्या. यायचं असेल तर मुलीचे पाहुणे म्हणून या, केक तीच कापेल. निम्मे लोक एवढं ऐकून फोन ठेवतात. उरलेले निम्मे वर्षानुवर्षं येतात.

जुने कपडे, लग्नातलं उरलेलं जेवण द्यायचंय.

जेवण नको. मंगल कार्यालयातनं रात्री अकराला येणारी बासुंदी मी घेत नाही, एकदा घेऊन पस्तावलेय. सात मुली, पहाटेचे तीन वाजलेले, आणि रिक्षा मिळत नव्हती. आता शिजवलेलं बाहेरचं काहीही आत येत नाही.

कपडे स्वतःच्या पोरीला घालाल असे असतील तर द्या. साड्या, सफारी सूट, एकच बूट हे सगळं आलेलं आहे.

खरंच हवं असतं ते विचारलंत तर सॅनिटरी पॅड, खोबरेल तेल, पावसाळी चपला, आतले कपडे, वह्या. चपलांचं विशेष. ३४ मुलींच्या चपला दोन-तीन महिन्यांत झिजतात आणि जूनमध्ये सगळ्या एकदम तुटतात. एका किराणा दुकानदारानं सात वर्षं, नाव सांगायचं नाही या अटीवर, महिन्याचं तेल दिलंय. आमच्या प्रार्थनेत त्यांचा उल्लेख ‘तेलवाले’ एवढाच असतो.

मुलींचे फोटो का टाकू देत नाही?

कायदा देत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेहरा धूसर करूनही मी देत नाही, गणवेश आणि इमारत लोक ओळखतात. एका मुलीचा ठावठिकाणा तिच्या बापाला अशाच एका फोटोवरून लागला होता. तो गेटवर आला त्या रात्रीनंतर मी या बाबतीत कुणाची भीड ठेवत नाही.

पैसा कुठनं येतो? परदेशातनं भरपूर येत असेल?

हा समज कसा झाला माहीत आहे, ‘मिशनचं’ म्हटलं की लोकांना डॉलर दिसतात. परदेशी देणगी घ्यायला २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यावरच घ्यावा लागतो. आमची ती नोंदणी नाही. त्यामुळं परदेशी नागरिकाकडनं एक रुपयाही घेता येत नाही. भाच्यानं सिडनीतनं पाठवला तर? त्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईचा असेल तर चालतो, तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर नाही. मागच्या नाताळात एका प्रेमळ कुटुंबाला मला परत पाठवावं लागलं, फार वाईट वाटलं.

थोडं सरकारी अनुदान आहे, ते येईल तेव्हा येतं. बाकी सगळं कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीच्या माणसांचं. चर्चचं हंगामाचं अर्पण, शिक्षकांचे महिन्याचे पाचशे, गुऱ्हाळवाल्यांची गुळाची ढेप. ८०जी ची पावती मिळते, पण दोन हजारांच्या वरची देणगी रोखीनं दिली तर करात सवलत मिळत नाही, म्हणून चेक किंवा ऑनलाइन. हिशेब दरवर्षी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो. कुणालाही बघायचा असेल तर टेबलावर ठेवते. आजवर तिघांनी बघितलाय.

मुलींना मारता का?

नाही, आणि पूर्वी मारायचे हेही सांगते. मी आले तेव्हा कपाटावर छडी होती. कायद्याच्या कलम ८२ नं संस्थेत मुलाला शारीरिक शिक्षा करणाऱ्याला पहिल्या वेळेला दहा हजार रुपये दंड आहे, पुन्हा केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि दोषी ठरलं की नोकरीही जाऊ शकते. पण खरं सांगायचं तर छडी कायद्यानं नाही गेली. ज्या पोरीनं घरी मार खाल्लाय ती छडीला घाबरतच नाही. ती फक्त तुमच्याकडं बघते, ‘तू पण तसलीच’ असं. ती नजर एकदा पुरे झाली.

आता टीव्ही बंद, भांड्यांची जादा पाळी, आणि मोठं भांडण असेल तर मुलींच्या बाल समितीपुढं. त्यांच्या शिक्षा आमच्यापेक्षा कडक असतात, त्या कमी करायचं काम माझ्याकडं. व्हरांड्यात तक्रारपेटी आहे, तिची किल्ली आमच्याकडं नसते. पेटीत निम्म्या चिठ्ठ्या उपिटाविरुद्ध निघतात.

दत्तक मिळेल का? लग्नासाठी मुलगी आहे का?

दत्तक आम्ही देत नाही, देऊ शकतही नाही. त्यासाठी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवावं लागतं. समितीनं दत्तकासाठी मोकळं ठरवलेलंच मूल तिथं येतं. ‘बघायला येऊ का’ हा शब्द तेवढा वापरू नका, मुली ऐकत असतात.

लग्नाचं म्हणाल तर तुळशीचं लग्न झालं की फोन सुरू होतात. ‘मुलगा शेती बघतोय, चाळिशीचा आहे, तुमच्यातली गरीब स्वभावाची एखादी असंल तर बघा, हुंडा नको आम्हाला.’ गरीब स्वभावाची म्हणजे जिच्या मागं विचारायला कुणी नाही अशी. मी म्हणते, ‘दादा, आमच्या सगळ्या पोरी भांडकुदळ हायत.’ घरकामाला मुलगी मागणाऱ्यांना मात्र एवढंही गोड उत्तर मिळत नाही.

सुट्टीत एखाद्या मुलीला आमच्या घरी नेऊ का?

नाही. सुट्टीवर मुलगी जाते ती समितीच्या आदेशानं, आपल्या माणसांकडं, साधारणपणे एका वेळी सात दिवसांपर्यंत. चार दिवस तुमच्या घरातला सोफा, आईस्क्रीम, गाडी बघून परत आलेल्या मुलीला आम्ही काय सांगायचं? अनोळखी घरांपेक्षा आम्ही तो जोर तिच्या मावशीला, आजीला शोधण्यात घालवतो.

सख्ख्या भावंडांचं दुखणं वेगळं. आमचं मुलींचं गृह, त्यामुळं भाऊ दुसऱ्या संस्थेत. महिन्यातनं एकदा भेट घडवतो, राखीला आणि भाऊबीजेला हमखास. सहा वर्षांचा भाऊ, आठची बहीण. ती त्याची नखं बघते, कापलेली नसली की तिथल्या काळजीवाहक बाईंना झापते.

पुरात काय झालं होतं?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं, तेव्हा रात्री दहाला मुलींना एकमेकींच्या ओढणीला बांधून चर्चच्या हॉलमध्ये नेलं. पहिल्यांदा बाहेर काढल्या त्या मुलींच्या फायली, मग गॅस, मग चटणीची बरणी (हा मावशींचा निर्णय). सगळीकडं पाणी आणि प्यायला नाही, कारण पुरात शहराची उपसा केंद्रंच बुडतात. नऊ दिवस टँकरच्या पाण्यावर काढले. २०२१ ला पुन्हा तेच. आता जुलै लागला की फायली माळ्यावर आणि मुलींच्या दप्तरात प्रत्येकीच्या आधारची झेरॉक्स, प्लॅस्टिकमध्ये.

अठरा पूर्ण झाल्यावर पुढं काय?

कायद्यानं एकवीसपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यावरच्या आधाराची, सोय आहे, पण जागा थोड्या. म्हणून सोळाव्या वर्षापासूनच कागद गोळा करतो. ज्यांना आई-वडील दोघंही नाहीत त्यांना अनाथ प्रमाणपत्र मिळतं आणि राज्यात २०१८ पासून शिक्षण व नोकरीत एक टक्का आरक्षण. हे प्रमाणपत्र वेळेवर निघालं तर पोरीचं आयुष्य बदलतं, उशीर झाला तर एक वर्ष फुकट जातं. मुलींना बारावीपर्यंत फी नाही. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची फीही २०२४-२५ पासून सरकारनं माफ केलीय. तरी खोलीभाडं, मेस, बसचा पास राहतोच, त्यासाठी देणगी सगळ्यात उपयोगी पडते आणि त्यासाठीच सगळ्यात कमी मिळते. लहान मुलीला द्यायला हात सैल असतो, एकोणीस वर्षांच्या मुलीला सगळे सल्ला देतात.

जाताना प्रत्येकीला तिची फाईल, बँकेचं पासबुक, कुकर आणि एक किलो चटणी मिळते.

काम करायला यायचंय, येऊ का?

एक दिवसासाठी नको. आठवड्यातनं दोन तास, किमान एक वर्ष, गणित किंवा इंग्रजी शिकवणार असाल तर पोलीस पडताळणीचा अर्ज घेऊन या. मुलींच्या गृहात नोकरीवर फक्त बायका घेतो. वर्षाची अट अशासाठी की मुलींना येणाऱ्या माणसांची सवय लागते आणि माणसं जातात. त्यातनं जितकं वाचवता येईल तितकं वाचवायचं.

भेटायला कधी यावं?

फोन करून या. दुपारी बारा ते तीन ठीक. साडेचारनंतर मुली शाळेतनं येतात, तेव्हा आम्ही कुणाचेच नसतो. रविवारी सकाळी उपासना, दुपारी उवा.

दुसऱ्या शनिवारी मात्र येऊ नका. त्या दिवशी मुलींच्या आया येतात. कुणी गगनबावड्याहून, कुणी थेट ऊसाच्या फडावरनं, एका दिवसाची हजेरी बुडवून. व्हरांड्यात, पायऱ्यांवर, नळाशेजारी, जिथं जागा मिळेल तिथं त्या पोरींना पुढ्यात घेऊन डोक्याला तेल लावत बसलेल्या असतात. तुम्हाला बसायला खुर्ची द्यायची तर एकीला उठवावं लागेल. फोनही त्या दिवशी बहुतेक उचलला जात नाही.